रहिमतपूरचे ‘रहमितपूर’ होते तेव्हा

सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यातल्या रहिमतपूरच्या आजूबाजूला आले चांगले पिकते. समजा, तिथल्या एका बचत गटाने ठरवले की पोत्यांवर लावायच्या चिठ्ठ्या आता संगणकावर छापायच्या. चिठ्ठीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, वजन आणि तारीख. गटातल्या एका मावशींची भाची पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने पायथन भाषेत छोटासा प्रोग्राम लिहिला आणि चित्रावर अक्षरे उमटवण्यासाठी ‘पिलो’ नावाची तयार लायब्ररी वापरली. तिच्या उबुंटू लिनक्सच्या लॅपटॉपवर चिठ्ठ्या झकास निघाल्या. मग तोच प्रोग्राम मावशींच्या विंडोज लॅपटॉपवर गेला.

“मावशी, मी सांगितलेली कमांड मारलीस का?”

“मारली की. सक्सेसफुली इन्स्टॉल्ड म्हणतंय.”

“मग अडलं कुठं?”

“अगं, गावाचं नाव रहमितपूर छापतंय. अन् किलोचं काय झालंय ते वाचताच येईना.”

ही गोष्ट कल्पित असली तरी बिघाड खरा आहे आणि तो कोणालाही आपल्या संगणकावर घडवून पाहता येईल. गंमत म्हणजे त्याच चिठ्ठीवर ‘सातारा’ आणि ‘कोरेगाव’ अगदी बरोबर छापले जातात. एखाद्याने तेवढेच तपासून पाहिले तर सगळे ठीक आहे असेच तो म्हणेल. ऱ्हस्व वेलांटी आली की ती अक्षराच्या आधी न येता नंतर पडते आणि पुढच्या अक्षराची होऊन बसते. जोडाक्षर आले की ते सुटते आणि पाय मोडलेला दिसतो. प्रोग्राम तोच, फाँट तोच, पिलोची आवृत्तीही तीच. तरी एका यंत्रावर मराठी नीट आणि दुसऱ्यावर मोडकी. असे का होते ते पाहायचे तर पॅकेज मॅनेजर नावाच्या सोयीच्या पोटात शिरावे लागते.

आज कोणताही प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकट्याने लिहिला जात नाही. इतरांनी लिहून ठेवलेले तुकडे तो वापरतो. अशा तुकड्याचे नीट बांधलेले गाठोडे म्हणजे पॅकेज. एका पॅकेजला चालण्यासाठी दुसरी पॅकेजे लागतात, त्यांना आणखी तिसरी. या गरजेला प्रोग्रामर मंडळी डिपेन्डन्सी म्हणतात. कोणाला काय लागते, कोणती आवृत्ती चालते, ती कुठून आणायची आणि कुठे ठेवायची, हा सगळा हिशेब ठेवणारा प्रोग्राम म्हणजे पॅकेज मॅनेजर.

त्यांची दोन घराणी आहेत. पहिले ऑपरेटिंग सिस्टिमचे. डेबियन हा लिनक्सचा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्यातून ‘ॲप्ट’ आले, तेच पुढे उबुंटूने घेतले. फेडोरा आणि रेड हॅटकडे ‘डीएनएफ’ आहे. हे मॅनेजर भाषा पाहत नाहीत. सी मधली लायब्ररी, पायथनमधली लायब्ररी, फाँट, शब्दकोश, छपाईचा ड्रायव्हर, सारे त्यांच्या एकाच वहीत. दुसरे घराणे भाषांचे. पर्ल भाषेचे ‘सीपॅन’ हे सार्वजनिक भांडार १९९५ पासून आहे. पायथनचे ‘पायपीआय’ हे भांडार २००३ चे, आणि त्यातून पॅकेज आणणारा ‘पिप’ २००८ चा. जावास्क्रिप्टचा ‘एनपीएम’ २०१० चा. त्यानंतर आलेल्या रस्टसारख्या भाषांनी तर पॅकेज मॅनेजर भाषेसोबतच दिला. रस्टच्या प्रोग्रामरांना ‘कार्गो’ या तिच्या पॅकेज मॅनेजरशिवाय त्या भाषेची कल्पनाही करवत नाही.

आता मावशींनी कमांड दिली तेव्हा पिपने काय केले ते क्रमाने पाहू. प्रथम त्याने पायपीआयला विचारले की पिलोच्या कोणकोणत्या आवृत्त्या आहेत. मग आपल्याकडचे पायथन कोणते आणि यंत्र कोणते हे पाहून जुळणारी फाइल निवडली. या फाइलींना ‘व्हील’ म्हणतात. फाइलीच्या नावातच सारे लिहिलेले असते: पिलोची आवृत्ती, पायथनची आवृत्ती, ६४-बिट विंडोजसाठी की लिनक्ससाठी की मॅकसाठी. नंतर फाइलीतला माहितीचा कागद वाचून तिला आणखी कोणती पायथन पॅकेजे लागतात ते पाहिले. पिलोला सक्तीने लागणारे असे एकही नाही. शेवटी व्हील, जी प्रत्यक्षात एक झिप फाइल असते, पायथनच्या फोल्डरात उलगडली आणि काम यशस्वी झाल्याचे सांगितले. पिपच्या दृष्टीने ते खरेच यशस्वी झाले होते.

पण पिलो नुसती पायथनची लायब्ररी नाही. तिचे अवघड काम सी भाषेतल्या लायब्रऱ्या करतात. फ्रीटाइप ही फाँटमधून अक्षराचा आकार काढते. हार्फबझ ही वेलांटी कुठे बसवायची, कोणती अक्षरे जोडायची हे फाँटमधले नियम वाचून ठरवते. फ्रीबिडी उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांचा क्रम लावते. राक्म ही चौथी लायब्ररी या तिघींना एकत्र चालवते. यांपैकी फ्रीटाइप, हार्फबझ आणि राक्म पिलोच्या व्हीलमध्येच भरून येतात. फ्रीबिडी येत नाही. पिलोच्या व्हीलमधली राक्म, आवृत्ती ८.२.० पासून, फ्रीबिडी यंत्रावर आधीच आहे का ते चालता चालता शोधते. सापडली तर उत्तम. नाही सापडली तर पिलो मुकाट्याने ‘बेसिक’ मांडणीवर येते, म्हणजे अक्षरे ज्या क्रमाने टाइप झाली त्याच क्रमाने एकापुढे एक ठेवते. टाइप करताना आपण ह आधी आणि वेलांटी नंतर देतो, म्हणून छापतानाही ती नंतर.

मराठीला फ्रीबिडीचे काहीच काम नसते. ती लागते अरबी, उर्दू, हिब्रूला. पण तिच्यावाचून राक्म उठत नाही, आणि राक्म उठली नाही तर हार्फबझला कोणी विचारत नाही. उर्दूच्या सोयीची लायब्ररी नाही म्हणून रहिमतपूरची वेलांटी घसरते, यापेक्षा डिपेन्डन्सीचा चांगला धडा मला तरी माहीत नाही.

भाचीच्या उबुंटूवर फ्रीबिडी होतीच. डेस्कटॉपवरच्या खिडक्या आणि मेनू रेखाटणाऱ्या लायब्रऱ्यांना ती लागते, म्हणून ॲप्टने ती केव्हाच आणून ठेवलेली असते. विंडोजवर ती वेगळी आणावी लागते, हे पिलोच्या कागदपत्रांत लिहिलेले आहे. पण कमांड मारून मोकळा होणारा माणूस ते वाचत नाही आणि पिप सांगत नाही. पिपला सांगता येतच नाही, कारण पायथनच्या पॅकेजाच्या माहितीत दुसरी पायथन पॅकेजेच नोंदवण्याची सोय आहे. ‘मला बाहेरची अमुक सी लायब्ररी लागते’ हे यंत्राला कळेल असे लिहायला जागा नाही. तशी जागा असावी असा प्रस्ताव २०२३ मध्ये मांडला गेला. भाषेच्या पॅकेज मॅनेजरचा सगळ्यात मोठा तोटा मी हाच मानतो. भाषेची हद्द संपली की त्याची वही संपते, पण प्रोग्रामची गरज तिथे संपत नाही.

हेच काम ॲप्टने केले असते तर? डेबियनमध्ये पिलो ‘पायथन३-पीआयएल’ या नावाने मिळते. तिच्या नोंदीत राक्म लागते असे लिहिलेले आहे आणि राक्मच्या नोंदीत फ्रीबिडी. एक कमांड दिली की तिन्ही येतात. वेलांटी जागेवर बसते, कोणाला फोन करावा लागत नाही. मराठीच्या इतर गरजाही तिथे शेजारीच सापडतात. पुण्यातल्या रेड हॅटच्या मंडळींनी वर्षानुवर्षे सांभाळलेला लोहित देवनागरी फाँट ॲप्टमध्ये पॅकेज म्हणून आहे, शुद्धलेखन तपासण्यासाठीचा मराठी शब्दकोशही आहे.

मग सगळे ॲप्टनेच का घेऊ नये? याची उत्तरेही तितकीच पक्की आहेत.

पहिले अगदी उघड आहे. मावशींच्या लॅपटॉपवर विंडोज आहे आणि तिथे ॲप्ट नाही. पिप विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे सारखाच चालतो. ज्याला आपला प्रोग्राम कोणत्या यंत्रावर जाईल हे ठाऊक नाही त्याला यासारखी दुसरी सोय नाही.

दुसरे ताजेपणाचे. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते आणि मग तिच्यातली पॅकेजे जवळपास गोठतात. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत, पण पिलो ९.४ ची. पुढच्याच महिन्यात पिलोची दहावी आवृत्ती आली, ती डेबियन १२ च्या नेहमीच्या भांडारात येणारच नव्हती. दोन वर्षे न हलणारा पाया बँकेला किंवा नगरपरिषदेला हवाच असतो. नवीन काही उभारणाऱ्याला तो जाचतो.

तिसरे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते. पुण्यातल्या एल३क्यूब या गटाने मराठीसाठी मजकूरसंग्रह आणि भाषेची मॉडेले तयार केली आणि ती वापरणे सोपे व्हावे म्हणून ‘महाएनएलपी’ नावाची पायथन लायब्ररी पायपीआयवर ठेवली. मराठी वाक्याचा सूर सकारात्मक आहे की नकारात्मक, त्यात माणसाचे नाव कोणते आणि गावाचे कोणते, अशी कामे ती करते. ही लायब्ररी डेबियनमध्ये यायची तर कोणा स्वयंसेवकाने ती हाती घ्यावी लागेल, तिच्या सगळ्या डिपेन्डन्सी आधी डेबियनमध्ये असाव्या लागतील, परवाने तपासले जातील, मग पुढच्या स्थिर आवृत्तीची वाट पाहावी लागेल. पायपीआयवर खाते उघडले की त्याच दिवशी पॅकेज जगभर पोचते. तिथे पाच लाखांहून अधिक प्रकल्प आहेत ते याच मोकळिकीमुळे. छोट्या भाषांची, छोट्या गटांची, विद्यार्थ्यांची कामे तिथेच आधी दिसतात. राखणदाराची परवानगी लागली असती तर मराठीचे किती काम दारातच थांबले असते कोण जाणे.

आणि चौथे, प्रत्येक प्रकल्पाचा संसार वेगळा ठेवता येतो. जून २०२४ मध्ये नमपाय या गणिती लायब्ररीची दुसरी मोठी आवृत्ती आली तेव्हा पहिलीवर बांधलेल्या अनेक लायब्रऱ्या तिच्यासोबत चालेनात. एका प्रकल्पाला जुनी हवी आणि दुसऱ्याला नवी, तर पायथनमध्ये दोन्ही एकाच जागी नांदत नाहीत. म्हणून ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट’, म्हणजे प्रकल्पापुरते वेगळे फोल्डर करतात. २०१२ पासून ही सोय पायथनसोबतच मिळते. त्या फोल्डरात काहीही करा, शेजारच्याला धक्का लागत नाही, ॲडमिनचा पासवर्डही लागत नाही. एनपीएमची रीत आणखी निराळी. एकाच प्रकल्पात एका पॅकेजाच्या दोन आवृत्त्या तो शेजारी शेजारी ठेवू शकतो. त्यामुळे भांडण मिटते आणि फोल्डर फुगते.

लिनक्सवर हे वेगळे फोल्डर न करता पिप थेट सिस्टिमवर चालवण्याची सवय फार दिवस होती. लिनक्समधली कित्येक अवजारे स्वतःच पायथनमध्ये लिहिलेली असतात. पिपने त्यांच्याखालची लायब्ररी बदलली की ॲप्टला पत्ता नसतो आणि कधीतरी अपडेटचे अवजारच बंद पडते. म्हणून डेबियन १२ पासून पिप तिथे सरळ नकार देतो आणि वेगळे फोल्डर करायला सांगतो. नकार डावलण्यासाठी जो पर्याय द्यावा लागतो त्याचे नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ असे आहे. इतक्या स्पष्ट पाटीनंतरही लोक तो देतात.

आता व्हीलमध्ये भरून येणाऱ्या सी लायब्रऱ्यांकडे परत जाऊ, कारण खरी किंमत तिथे मोजावी लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रे उघडणाऱ्या लायब्ररीत गंभीर भगदाड सापडले. मुद्दाम बिघडवलेले चित्र उघडले की हल्लेखोराला यंत्रात शिरता येत होते, आणि त्याचा वापर सुरूही झाला होता. डेबियनने आवृत्ती न बदलता तिच्यात तेवढी दुरुस्ती घातली. ज्याने नेहमीचे अपडेट केले त्याच्या यंत्रावरचे, ही सामायिक लायब्ररी वापरणारे सगळे प्रोग्राम एकदम सुरक्षित झाले, ॲप्टमधून घेतलेली पिलोही. पिपने आणलेल्या पिलोच्या पोटात मात्र वेबपीची स्वतःची प्रत होती. गावच्या विहिरीत औषध टाकले म्हणून घराघरातल्या हौदांतले पाणी शुद्ध होत नाही, तसे ते. पिलोने १५ सप्टेंबरला १०.०.१ ही आवृत्ती काढली, पण ती प्रत्येकाने प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरात वेगळी घालायची होती. ज्या यंत्रावर अशी दहा फोल्डरे होती तिथे दहा वेळा. विसरलेल्या अकराव्याची आठवण पिप करून देत नाही.

आकारही याच कारणाने वाढतो. महाएनएलपीसारख्या लायब्ररीमागची मॉडेले चालवायला पायटॉर्चसारखी अवजड लायब्ररी लागते. लिनक्सवर पिपने पायटॉर्च मागवले की तो एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डासाठीच्या लायब्रऱ्याही आणतो, कार्ड यंत्रात असो वा नसो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याचा दिवसाचा डेटा त्यात संपतो. कार्डाशिवाय चालणारी लहान आवृत्ती पायटॉर्चच्या स्वतंत्र भांडारात मिळते, पण पिपला तिकडे वळवायला आपल्याला माहीत हवे. शिवाय मॉडेले स्वतः पिपने येतच नाहीत. प्रोग्राम पहिल्यांदा चालतो तेव्हा ती वेगळ्या संकेतस्थळावरून उतरतात. त्यांची नोंद ॲप्टच्याही वहीत नाही आणि पिपच्याही नाही.

राहिला विश्वासाचा प्रश्न. राखणदार नसण्याचा फायदा वर सांगितला, तोटा हा. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने एनपीएमशी वाद झाल्यावर आपली सगळी पॅकेजे काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अकरा ओळींचे एक होते. मजकुराच्या डावीकडे जागा भरणे एवढेच त्याचे काम, पण हजारो प्रकल्प आडवळणाने त्यावर टेकलेले होते आणि ते जगभर अडले. त्यानंतर एनपीएमने पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक केले. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ची गोष्ट जास्त गंभीर. मूळ लेखकाने कंटाळून २०१८ मध्ये मदतीला आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती पॅकेज दिले आणि त्या माणसाने त्यात बिटकॉइन चोरणारी डिपेन्डन्सी घातली. डिसेंबर २०२२ मध्ये पायटॉर्चच्या रोजच्या चाचणी आवृत्त्या घेणारे फसले. त्यांना लागणारे ‘टॉर्चट्रायटन’ हे पॅकेज पायटॉर्चच्या स्वतःच्या भांडारात होते. कोणीतरी त्याच नावाचे पॅकेज पायपीआयवर ठेवले आणि पिपने ते उचलले. दोन भांडारे दिली की त्यांतले घरचे कोणते आणि परके कोणते, हे पिप पाहत नाही.

यावरून डेबियनचा वाडा चिरेबंदी आहे असे मात्र समजू नये. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या, फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला, आणि तो डेबियनच्या चाचणी आवृत्तीपर्यंत पोचलेला होता. स्थिर आवृत्ती वाचली, कारण तिथे नवे काही इतक्या लवकर शिरत नाही. वर ज्या शिळेपणाची तक्रार केली, तोच तिथे कामी आला. भाषांची भांडारेही शिकत आहेत. १ जानेवारी २०२४ पासून पायपीआयवरच्या प्रत्येक खात्याला पासवर्डासोबत दुसरी खूण सक्तीची झाली.

आपल्या हातात जे आहे त्यात सर्वांत उपयोगी ‘लॉक फाइल’. प्रकल्पाला नेमकी कोणती पॅकेजे, कोणत्या आवृत्तीची लागली आणि प्रत्येक फाइलीचा ठसा काय, हे तिच्यात उतरवून ठेवतात. दुसऱ्या यंत्रावर तीच यादी वापरली की तीच पॅकेजे येतात. वाटेत कोणी फाइल बदलली तर ठसा जुळत नाही आणि काम थांबते. फ्रीबिडीची अडचण मात्र लॉक फाइलही सोडवत नाही, कारण तीही भाषेच्या हद्दीतलीच यादी. हद्दीपलीकडचेही आणणारा ‘कोंडा’ २०१२ पासून आहे. तो पायथनसोबत सी लायब्रऱ्या आणतो आणि विंडोजवरही चालतो. पण त्याचा पसारा मोठा. पोत्यांच्या चिठ्ठ्यांसाठी मी तो घालणार नाही.

मावशींच्या गटाकडे लिनक्सचा संगणक असता तर मी पिपला हातही लावला नसता. ॲप्टची पिलो, लोहित फाँट आणि सुरक्षा अपडेट आपोआप घेण्याची सोय एवढ्यावर काम भागते. विंडोजवर प्रकल्पाचे वेगळे फोल्डर, लॉक फाइल, आणि फ्रीबिडीची डीएलएल फाइल विंडोजला सापडेल अशा जागी ठेवून प्रोग्रामसोबतच पाठवलेली. शिवाय आणखी दोन ओळी. राक्म मिळाली का हे पिलोला प्रोग्राममधूनच विचारता येते. मिळाली नसेल तर प्रोग्रामने चिठ्ठी छापायचीच नाही, ‘फ्रीबिडी सापडली नाही’ असे मराठीत सांगून थांबायचे. पिप सांगू शकत नाही ते प्रोग्रामने सांगावे.

अपडेटचे काय, हे प्रोग्राम काय उघडतो त्यावर ठरते. तो फक्त टाइप केलेली नावे छापतो तोवर वेबपीतले भगदाड त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि गोठवलेली यादी काही महिने तशीच राहिली तरी चालते. पण उद्या कोणी म्हणाले की चिठ्ठीवर शेतकऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटोही छापू, तर बाहेरून आलेली चित्रे पिलो उघडू लागेल. व्हॉट्सॲपची स्टिकरे तर वेबपीचीच असतात. तो बदल करण्याआधी यादी ताजी करायची, आणि पुढे पिलोची सुरक्षेची आवृत्ती आली की ती कोण घालणार, मावशी की भाची, हे ठरवूनच फोटोचे काम हाती घ्यायचे.